‘सर्व हक्क स्वाधीन’

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. अशा एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहातून गेल्या शतकापूर्वीचे कोणतेही मराठी पुस्तक काढून त्याचे पहिले पान उघडावे. ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, छापखाना, शक, सन, किंमत असे क्रमाने वाचीत आपण पानाच्या तळाशी येतो, तो तेथे बारीक टायपातील दोन ओळी आढळतात. हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे, असे पहिली ओळ सांगते. सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्या स्वाधीन ठेविले आहेत, असे दुसरी. वाचक या ओळी सहसा वाचीत नाही, आणि विद्यार्थी तर मुळीच नाही. परंतु या दोन ओळींत एका मोठ्या प्रश्नाचे बीज आहे. हे हक्क कोणापासून राखून ठेविले, आणि किती काळपर्यंत? ज्या दिवशी ते कोणाच्याच स्वाधीन राहत नाहीत, त्या दिवशी त्या ग्रंथाचे होते काय? तो बेवारशी होतो, की सर्वांचा होतो? प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. आणि त्यासाठी फार दूर न जाता आमच्या नाशिकचीच उदाहरणे घेणार आहोत.

छापखाना येण्यापूर्वी आमच्याकडे ग्रंथावरील मालकीची कल्पना नव्हती, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. द्रव्याच्या दृष्टीने ती नव्हती. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली. तिची नक्कल करून घेण्यास कोणाची परवानगी लागत नसे, आणि नक्कल करणारा आपण पुण्य जोडीत आहोत असेच समजे. कीर्तनकार कोणाचाही अभंग घेई, त्यावर तास दोन तास निरूपण करी, आणि पदरी पडेल ती बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. अभंग कोणाचा, हे मात्र तो लपवीत नसे. कारण शेवटच्या चरणात कवीची मुद्रा गुंफलेली असे. नाव कवीचे आणि भोग सर्वांचा, असा तो अलिखित व्यवहार होता.

पण या व्यवहाराला दोन मोठी व्यंगे होती. पहिले असे की, ज्याच्या त्याच्या हाती लेखणी असल्यामुळे मूळ संहिता शुद्ध राहीना. ज्ञानेश्वरीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी पाठभेद तपासून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि यापुढे जो कोणी या ग्रंथात स्वतःची ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा इशारा देऊन ठेविला. ग्रंथ सर्वांनी वाचावा, उतरावा, गावा. पण त्यात हात घालू नये, ही ती मर्यादा होती. आजचे कायदेपंडित ग्रंथकाराचा नैतिक हक्क म्हणून ज्याचे विवेचन करतात, तो याहून निराळा नाही. तो पैठणास १५८४ साली, कोणत्याही न्यायालयाच्या आधारावाचून, केवळ लोकांच्या श्रद्धेवर उभा करण्यात आला, हे विसरता कामा नये. नामदेवांच्या मुद्रेखाली मागाहून आलेल्या कवींची पदे कशी मिसळून गेली, आणि ती वेगळी काढताना संशोधकांची किती दमछाक झाली, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस नाथांच्या इशाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

दुसरे व्यंग पोटाचे. कवीला काव्यापासून उत्पन्न नसे. तो राजाश्रयावर, माधुकरीवर अथवा आपल्या धंद्यावर जगे. तुकोबांचे दुकान होते. अभंगांवर त्यांस एक कवडीही मिळाली नाही, आणि त्यांनी ती इच्छिलीही नाही. परंतु सर्वच लेखक तुकोबा नसतात. लेखनावर जगू पाहणारा मनुष्य समाजात निर्माण व्हावयाचा असेल, तर त्याच्या श्रमाचे मोल कोणीतरी ठरवून दिले पाहिजे. हे मोल ठरविण्याची गरज छापखान्याने उत्पन्न केली. कारण नक्कल करणे हे जोवर महिनोन्महिन्यांचे काम होते, तोवर चोरी फायद्याची नव्हती. एका आठवड्यात हजार प्रती निघू लागल्या, तेव्हा ती झाली.

या प्रश्नाचा पहिला कायदेशीर निकाल इंग्लंडने लाविला. राणी ॲनच्या कारकीर्दीत १७१० साली झालेल्या कायद्याने नव्या ग्रंथाच्या कर्त्यास चौदा वर्षांचा हक्क दिला, आणि तो तोपर्यंत हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचा. लंडनच्या पुस्तकविक्यांना हे मानवले नाही. कायद्याची मुदत संपली तरी आमची मूळची मालकी अक्षय आहे, जसे घर तसा ग्रंथ, असा दावा ते साठ वर्षे सांगत राहिले. एडिंबरोच्या डोनाल्डसन नावाच्या पुस्तकविक्याने टॉमसन कवीचे एक लोकप्रिय काव्य स्वस्तात छापले, त्यावरून तंटा उमराव सभेपर्यंत गेला, आणि १७७४ साली त्या सभेने अक्षय मालकीचा दावा फेटाळिला. ग्रंथाचे स्वामित्व ही कायद्याने दिलेली, मुदतीची देणगी आहे. मुदत सरली की ग्रंथ लोकांचा, हे तत्त्व तेव्हा कायम झाले. शेक्सपिअर, मिल्टन हे ग्रंथकार कोणा एका दुकानदाराचे राहिले नाहीत, याचे श्रेय या निकालास आहे.

पुढे १८४१ साली ही मुदत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत वाढवावी, असा प्रस्ताव पार्लमेंटापुढे आला. त्यास विरोध करणारा वक्ता आम्हां हिंदी लोकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. आमच्या देशातील इंग्रजी शिक्षणाचा पाया ज्याच्या १८३५ च्या टिपणाने घातला, तोच हा मेकॉले. त्याच्या त्या टिपणातील उर्मट उद्गार आमच्या लोकांनी क्षमा करण्यासारखे नाहीत; पण या विषयावरील त्याचे भाषण मात्र अद्यापि कोणास खोडून काढता आलेले नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ग्रंथकारास देणगी मिळावी म्हणून वाचकांवर बसविलेला हा कर आहे. कर असल्यामुळे तो वाईट आहे, पण ग्रंथकार जगावा म्हणून आवश्यक आहे. तेव्हा आवश्यकतेपलीकडे तो एक दिवसही वाढविता नये. मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने आपल्या पणतूस काही मिळेल, या आशेने कोणी लेखणी उचलीत नाही. शिवाय वारसाच्या हाती ग्रंथ बुडविण्याचीही सत्ता जाते. बॉस्वेलने लिहिलेल्या जॉन्सनच्या चरित्राची त्याच्या वडील मुलास लाज वाटत असे. हक्क त्याच्या हाती असता तर तो ग्रंथ जगास पुन्हा दिसला असता काय, असा त्याचा रोकडा सवाल होता.

मेकॉलेच्या विरोधाचे फळ म्हणून १८४२ साली जी मुदत ठरली, तीच सन १८४७ च्या विसाव्या आक्टाने हिंदुस्थानात आली: ग्रंथकाराची हयात व पुढे सात वर्षे, अथवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी अधिक असेल ती. कर्त्याच्या मृत्यूनंतर हक्कदार पुस्तक पुन्हा छापावयास नाकारील, तर सरकारने दुसऱ्यास परवानगी द्यावी, अशीही तजवीज त्यात होती. अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा उदय या आक्टाच्या छायेत झाला, आणि त्या छायेत पुष्कळ ऊनही येत होते, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ काढले, तेव्हा वामन, मोरोपंत यांच्या वंशजांकडे परवानगीसाठी हेलपाटे घालण्याचा प्रसंग त्यांस आला नाही. इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या द्रव्यसाहाय्याने तुकोबांची गाथा छापली गेली, ती कोणाची मिरास नव्हती म्हणूनच. निर्णयसागराने संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आणि स्वस्त आवृत्त्या घरोघर पोचविल्या, त्याही याच बळावर. आणि भाषांतरे? आगरकरांचे ‘विकारविलसित’, देवलांचे ‘झुंझारराव’ ही शेक्सपिअरवर उभी. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणिल्या. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथेच्या आधाराने लिहिलेली. त्या काळच्या न्यायालयांची दृष्टीही उदार होती. मॅकमिलन कंपनीच्या शालोपयोगी पुस्तकांची उर्दू भाषांतरे झाली, तेव्हा अशा भाषांतराने मूळ हक्काचा भंग होत नाही, असे मुंबईच्या हायकोर्टाने १८९५ साली ठरविले. मराठी गद्य ज्या दुधावर वाढले, ते पुष्कळसे गावच्या गायीचे होते. त्याचे बिल कोणी पाठविले नाही. आज आपण सधन झालो म्हणून ते दूध विसरावे हे बरे नव्हे.

सन १९१४ च्या तिसऱ्या आक्टाने चित्र पालटले. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याचे अनुकरण करून ही मुदत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांवर नेण्यात आली. तरीही येथील परिस्थिती ओळखून भाषांतराचा राखीव हक्क दहाच वर्षांचा ठेविला होता. दहा वर्षांत कर्त्याने ज्या भाषेत भाषांतर काढले नाही, त्या भाषेस ते मोकळे. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली झालेल्या, व २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आलेल्या, आपल्या स्वतःच्या कायद्याने पन्नास वर्षांची मुदत कायम ठेविली. येथून पुढचा इतिहास नाशिकच्या तीन ग्रंथांच्या कुंडल्या मांडून पाहिला, तर अधिक स्पष्ट होईल.

पहिला ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या कन्येने, शाळेचे तोंड न पाहता, मराठीतील एक अजरामर आत्मचरित्र लिहिले. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. १९३६ साली बाई वारल्या, आणि उरलेले काम चिरंजीव देवदत्त टिळक यांनी पुरे केले. मृत्यूनंतर पन्नास वर्षे, म्हणजे १९८६ च्या अखेरीस ग्रंथ मोकळा झाला. पतीचे धर्मांतर, सासरमाहेरची भांडणे, स्वतःची फजिती हे सारे त्यात इतक्या निर्भेळपणे आले आहे की, एखाद्या संकोची वारसाने ते कपाटात बंद करून ठेविले असते तर नवल नव्हते. येथे सुदैवाने पुत्रच मातेच्या लेखणीचा अभिमानी निघाला. पण सुदैव हा कायद्याचा पाया होऊ शकत नाही.

दुसरा ग्रंथ ‘श्यामची आई’. तो नाशिकच्या तुरुंगात जन्मला. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी साने गुरुजींनी लिहावयास घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे लेखणी खाली ठेविली. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला. पुढे वर्षानुवर्षे पुणे विद्यार्थी गृहाने तो छापला, आणि महाराष्ट्रात असे साक्षर घर विरळा की जेथे त्याची प्रत पोचली नाही. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या बोलपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्या वेळच्या हिशेबाने ग्रंथ २००० च्या अखेरीस मोकळा व्हावयाचा. प्रत्यक्षात तो झाला १ जानेवारी २०११ रोजी. मधली दहा वर्षे कोठून आली?

ती आली बंगालहून. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. त्यांच्या वाङ्मयावरील विश्वभारतीचा हक्क ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपावयाचा होता. तो संपू नये म्हणून मोठी खटपट झाली, आणि मुदत पन्नासाची साठ करणारा बदल २८ डिसेंबर १९९१ पासून, म्हणजे दिवा विझण्याच्या जेमतेम तीन दिवस आधी, लागू करण्यात आला. विश्वभारतीस त्यामुळे २००१ अखेरपर्यंत दहा वर्षे मिळाली. परंतु कायदा एका कवीपुरता करता येत नाही. त्याच १९४१ सालच्या डिसेंबरात आमचे भा. रा. तांबे ग्वाल्हेरीस निवर्तले होते. त्यांची कविताही त्या तीन दिवसांच्या फरकाने दहा वर्षे अडकून पडली. १९४७ साली गेलेल्या न. चिं. केळकरांचे विस्तीर्ण वाङ्मय २००७ पर्यंत, गुरुजींचे २०१० पर्यंत. महाराष्ट्राने ही मुदतवाढ मागितल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. एका संस्थेच्या उत्पन्नासाठी सबंध देशातील त्या पिढीचे ग्रंथ दहा वर्षे कुलपात राहिले, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते.

या मुदतींची विसंगती पाहावयाची असेल तर आणखी एक उदाहरण घ्यावे. नाशिकच्या आदल्या वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, आणि ती उतरून घेतली साने गुरुजींनीच. तोच काळ, तीच लेखणी, तसाच तुरुंग. पण कायद्याच्या दृष्टीने कर्ते विनोबा, आणि ते १९८२ साली गेले. म्हणून ‘श्यामची आई’ २०११ साली मोकळी झाली, तर ‘गीता-प्रवचने’ यांची मुदत २०४२ च्या अखेरीपर्यंत. ग्रंथाचे भाग्य ग्रंथाच्या गुणावर नव्हे, तर कर्त्याच्या आयुर्मर्यादेवर अवलंबून राहते.

तिसरा ग्रंथ कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’. तो १९४२ साली प्रसिद्ध झाला. तात्यासाहेब शिरवाडकर १९९९ साली नाशिकलाच वारले. तेव्हा ‘विशाखा’ २०५९ च्या अखेरीपर्यंत राखीव. ‘स्मृतिचित्रे’ बावन्न वर्षांत लोकांचे झाले, ‘श्यामची आई’स पंचाहत्तर लागली, ‘विशाखा’स एकशे सतरा लागतील. स्वातंत्र्यसंग्रामातील तरुणांनी ज्या कविता तोंडपाठ केल्या, त्या त्यांच्या नातवंडांच्याही हयातीत कदाचित मोकळ्या होणार नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते दोन्ही आदराने ऐकण्याजोगे आहेत. पहिला असा की, बापाचे शेत मुलास मिळते, मग बापाचा ग्रंथ का मिळू नये? त्यास उत्तर असे की, शेत एकाने नांगरले तर दुसऱ्यास नांगरता येत नाही. ग्रंथ हजारांनी वाचला तरी एकाच्या वाट्याचे अक्षर कमी होत नाही. शिवाय कोणताही ग्रंथकार रित्या हाताने येत नाही. गुरुजींच्या ओव्या, व्रतकथा, कोकणची भाषा आणि खुद्द आईच्या तोंडचे बोल, हे सारे त्यांनी ज्या अनामिक ठेव्यातून घेतले, त्या ठेव्यात काही काळाने त्यांचाही ग्रंथ जमा व्हावा, यात अन्याय नसून ऋणमुक्ती आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वांचे ते कोणाचेच नाही. ग्रंथ मोकळा झाला की रद्दी कागदावर, चुकांनी भरलेल्या, वाटेल तशा कापलेल्या आवृत्त्या निघतात. हे भय खोटे नाही. परंतु त्यावरचा उपाय कुलूप नव्हे, दक्षता हा आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीस कुलूप घातले नाही. शुद्ध प्रत करून लोकांपुढे ठेविली. आपल्या कायद्यातही कर्त्याच्या नावाचा व संहितेच्या अखंडतेचा हक्क द्रव्यहक्काहून निराळा मानला आहे, आणि विकृतीस हरकत घेण्याच्या हक्कावरील मुदतीचे बंधन २०१२ च्या दुरुस्तीने काढून टाकले आहे. द्रव्यहक्क सरला तरी इभ्रतीचा हक्क सरत नाही, ही नाथांचीच दृष्टी आहे.

खरे संकट याहून निराळे आहे, आणि ते नाशिककरांस सांगावयास नको. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आणि १९४४ साली नाशिकास देह ठेविलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढून या देशातील चित्रपटाचा पाया घातला, आणि त्यांची पुष्कळशी चित्रे नाशिकातच तयार झाली. त्या चित्रांवर आज कोणाचा हक्क नाही. ती दाखविण्यास परवानगी लागत नाही. पण दाखविणार काय? नायट्रेटच्या ज्वालाग्राही फिती बहुतेक नाश पावल्या. १९६४ साली पुण्यास निघालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने शोध करकरून काही अवशेष जमविले, म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’चा थोडा भाग तरी डोळ्यांस दिसतो. कायद्याने दार उघडले तेव्हा घर रिकामे होते. मुदत जितकी लांबवावी, तितके हे भय वाढते. कारण ज्या ग्रंथापासून कोणास उत्पन्न नाही तो कोणी छापीत नाही, आणि छापू इच्छिणाऱ्यास वारस सापडत नाहीत. साठ वर्षांत कागद पिवळा पडतो, वाळवी लागते, वाडा विकला जातो, आणि फडताळातील गठ्ठे रद्दीवाल्याकडे जातात.

आज अमेरिकेत व युरोपात ही मुदत सत्तर वर्षांवर गेली आहे. आंतरराष्ट्रीय करारान्वये आपणांस पन्नास पुरतात. आपण दहा आधीच अधिक दिली आहेत. सातव्या दशकाची मागणी कोणत्याही दिशेने आली, तरी आपण तिला स्पष्ट नकार द्यावा, असे आमचे मत आहे. सत्तर वर्षे असती, तर ‘श्यामची आई’ २०२० च्या अखेरीपर्यंत बंद राहती. उलट इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यातील एक विसरलेले कलम पुन्हा विचारात घेण्यासारखे आहे: मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी कोणीही नोटीस देऊन ग्रंथ छापावा, आणि वारसास शेकडा दहा द्यावे. वारसास भाकर, वाचकास ग्रंथ, दोघांचीही सोय.

पण कायदा बदलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावे काय? या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांचे एखादे छापील पुस्तक असेल, जुन्या मासिकांतून विखुरलेले लेख असतील, आजीची वही असेल. त्यांचे हक्क या क्षणी आपल्यापैकीच कोणाच्या तरी स्वाधीन आहेत, आणि बहुधा त्यास ते ठाऊकही नाही. ग्रंथकर्त्यास हयातीत जाहीर सूचनेने आपला हक्क सोडून देण्याची मोकळीक कायद्याने दिलीच आहे. वारसांसही लेखी संमती देऊन प्रत वाचनालयाच्या हवाली करण्यास कोणी अडविलेले नाही. एक चांगली प्रत, एक चिठ्ठी आणि खाली सही, एवढेच काम आहे.

‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ लिहिताना त्या जुन्या ग्रंथकर्त्यांच्या मनात अभिमान होता, आणि तो रास्त होता. लेखनावर पोट भरू पाहणारी ती मराठीतली पहिली पिढी. त्यांचे पोट आता प्रश्नाबाहेर गेले आहे. उरले आहे त्यांचे वाङ्मय, आणि ते आता आपल्या स्वाधीन आहे.